इंग्रजीच्या इतिहासाचा पेपर

एप्रिल लागला की मुरबाडच्या वाटेवर कुणी ना कुणी मोहाची फुलं वाळत घातलेली दिसतात. कधी जुन्या साडीवर, कधी खताच्या उसवलेल्या गोणीवर. पहाटे वेचताना मेणासारखी पिवळट असलेली ती फुलं उन्हं चढता चढता मनुक्यांसारखी तांबूस होतात आणि त्यांचा गोड, जड, किंचित आंबूस वास वळणावळणावर अंगावर येतो. शेअर रिक्षातली माणसं नाकाला रुमाल लावतात. मी मात्र तो वास छातीभर घेते. मला त्या वासाने इंग्रजी भाषेचा इतिहास आठवतो. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसेल. तुम्ही हसणार नाही, असं वाटतं म्हणून सांगते.

एम.ए.च्या वर्गात आम्ही सातजण होतो. माझे वडील भातसा धरणावर नोकरीला, त्यामुळे मी भातसानगरच्या कॉलनीत वाढलेली. तिथे दहा जिल्ह्यांतली माणसं एकत्र आलेली असल्यामुळे सगळ्यांनी मिळून एक पुस्तकी, इस्त्री केलेली मराठी धरली होती आणि तिचा मला छुपा अभिमान होता. वर्गात माझ्या शेजारी बसणारी मुलगी सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून यायची. तासभर चालून डांबरी रस्ता गाठायचा, मग मिळेल ती जीप. मोहाच्या दिवसांत आईबरोबर अंधार असतानाच फुलं वेचून ती वर्गात येई, आणि तिच्या बोटांचा वास माझ्या वहीच्या पानांना लागे. पाड्यावरून एम.ए.ला बसलेली ती पहिलीच. नोकरी लागली की आईला रान सोडायला लावायचं, एवढंच तिचं ठरलेलं होतं.

इंग्रजी भाषेच्या इतिहासाचा पेपर म्हणजे सगळ्यांनी टाळलेला पेपर. तो तासिका तत्त्वावर कल्याणहून मोटारसायकलीने येणाऱ्या एका सरांच्या गळ्यात पडला होता. पुस्तक बाजारात मिळत नव्हतं. सरांकडे एक झेरॉक्स होती, झेरॉक्सचीच झेरॉक्स काढलेली; तिच्यावर आधीच्या कितीतरी जणांच्या पेन्सिलीच्या खुणा अक्षरांइतक्याच काळ्या होऊन उतरल्या होत्या. त्यातलाच एक उतारा वाचायला सरांनी तिला उभं केलं. पहिल्याच ओळीत ‘स्टेट’ हा शब्द आला. ती म्हणाली, ‘इस्टेट’.

पहिली हसले ती मी. मग बाकीचे.

सर हसले नाहीत. म्हणाले, “पुन्हा म्हणा.”

ती कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली होती. तरी तिने मान वर करून पुन्हा म्हटलं, “इस्टेट.”

सरांनी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले. “लॅटिनमधून फ्रेंचमध्ये येताना हा शब्द अडखळला. सुरुवातीचा जोडाक्षराचा ‘स’ त्या लोकांच्या जिभेला जड जात होता, म्हणून त्यांनी त्याच्याआधी एक स्वर लावला. पुढे इंग्रजीत तो स्वरासकट राहिला आणि स्वराशिवायही राहिला. एकाचा अर्थ झाला राज्य, दुसऱ्याचा मालमत्ता. मूळ एकच. यांची जीभ चुकलेली नाही. कित्येक शतकांपूर्वी दुसऱ्या एका देशातल्या माणसांची जीभ ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने ती गेली आहे.”

तास सुटल्यावर मी तिला स्टॅंडवर गाठलं आणि माफी मागितली. ती शेंगदाण्याची पुडी पुढे करत म्हणाली, “हसलीस ते बरं झालं गो. तू हसली नसतीस तर सर पुढं गेले असते. मला कळलंच नसतं मी कुठली वाट धरली ती.”

तिथून आम्ही दोघी एकत्र अभ्यासाला बसू लागलो. मी त्या पेपराकडे सनावळ्या म्हणून बघत होते. ती त्याच्याकडे शेजारच्या गावची हकिकत ऐकावी तशी बघायची. इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्यांचं राज्य आलं, दरबार फ्रेंचमध्ये, न्याय फ्रेंचमध्ये, आणि इंग्रजी उरली ती नांगरणाऱ्यांच्या, गुरं राखणाऱ्यांच्या तोंडी, हे सरांनी सांगितलं तेव्हा ती पुढे सरकून बसली. जित्या मेंढीला इंग्रजी शब्द राहिला आणि शिजलेल्या मेंढीला फ्रेंच मिळाला. आपण सगळे म्हणतो ते ‘मटण’ म्हणजे तोच. “बघ,” ती म्हणाली, “राखणारा आमच्यातला, नि खाणारा त्यांच्यातला.” ‘नी’ म्हणजे गुडघा, त्याच्या स्पेलिंगातल्या मुक्या ‘क’चा एके काळी खणखणीत उच्चार होत असे. तो का ठेवलाय अजून, असं मी वैतागून म्हटलं, तर ती सहज म्हणाली, “आमच्या रेशन कार्डावर आज्याचं नाव हाय की अजून.” आणि ‘लेडी’ या शब्दाचा मूळ अर्थ भाकरीचं पीठ मळणारी, असं कळलं त्या दिवशी ती इतकी हसली की लायब्ररीच्या बाईंनी आम्हाला बाहेर काढलं. “म्हंजे आमची आय लेडीच! नाचणी मळते ना रोज!”

त्याच आठवड्यात तिने शंभर पानी वही घेतली आणि आईचे शब्द लिहायला सुरुवात केली. भाजी, पाऊस, चालणं, रुसणं, गुरांचे रंग, फळ कच्चं असतानाचं नाव आणि पिकल्यावरचं नाव. तिच्या घरात सगळे जे बोलत ते माझ्या मराठीहून वेगळं होतं, आणि कॉलेजात यायला लागल्यापासून तिने ते उंबऱ्याच्या आत ठेवलं होतं. एकदा मी तिच्या घरी गेले. आई अंगणात मोहाची फुलं पसरत होती. लेकीच्या हातातली वही बघून म्हणाली, “ह्यात लिवायचं काय हाय गो? रोजचंच बोलणं.” माझ्याशी मात्र ती जपून, शब्द निवडून बोलत होती. मी तिच्या लेकीच्या वयाची, तरी मला ‘तुमी’ म्हणत होती. मला त्यात काही खटकलं नाही. उलट मान मिळाल्यासारखं वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते.

शेवटच्या परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना तिच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कल्याणच्या दवाखान्यातून घरी सोडताना त्यांनी बोलण्याच्या सरावासाठी चित्रांची कार्डं दिली होती. सफरचंद. टेबल. छत्री. विमान. ती रोज आईसमोर एकेक कार्ड धरायची आणि आई छपराकडे बघत राहायची.

मी भेटायला गेले तेव्हा म्हटलं, “चार पेपर तर आहेत. मावशीला बसव आईपाशी. वर्ष जाईल तुझं.”

“वर्ष परत येईल,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, वाचा यायची तर पयल्या दोन-चार महिन्यांतच येते. मी इंग्रजीची उत्तरं लिवत बसू का?”

परीक्षेला मी एकटीच गेले. इतिहासाच्या पेपरात बोलीभाषांवर प्रश्न आला होता. मी तो उत्तम लिहिला. मला पहिला वर्ग मिळाला, पुढे मुरबाडलाच नोकरी मिळाली.

तिने काय केलं ते मला नंतर कळलं. तिने ती कार्डं पेटीत टाकली आणि वही उघडली. सकाळी चुलीपाशी बसून ती आईला आईचेच शब्द वाचून दाखवू लागली. फूल ओंजळीत देऊन फुलाचा शब्द, नाचणीचं पीठ बोटांना लावून पिठाचा. दीड महिना काही झालं नाही. एक दिवस कामाच्या घाईत ती आईला म्हणाली, “आज पेज नाही केली.” आई तिच्याकडे बघत राहिली, ओठ वाकडे करत, जोर लावत, आणि म्हणाली, “नाय.”

“मला सुधारत होती का पेज नको म्हणत होती, देव जाणे,” हे सांगताना ती हसत होती आणि डोळे पुसत होती. “पण बोलली गो ती. बोलली.”

त्यानंतर आई दोन पावसाळे जगली. तीस-चाळीस शब्द परत आले, सगळे वहीतले. परीक्षेचं वर्ष मात्र परत आलं नाही. ती पाड्यावरच्या अंगणवाडीत लागली, मग लग्न होऊन कसाऱ्याला गेली.

आईच्या बाराव्याला मी पाड्यावर गेले होते. आत बायका बसल्या होत्या. ती मावशीशी बोलत होती, भराभर, त्यांच्या त्यांच्या बोलीत, मध्येच रडत, मध्येच कशावरून तरी हसत. मला निम्मंच कळत होतं, पण इतकं जिवंत बोलणं मी तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. आमच्या इतक्या वर्षांच्या मैत्रीत ती माझ्यासाठी अर्धी वाट चालून येत होती, हे मला दारात उभं राहून समजलं. मग तिला मी दिसले. तिने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि स्वच्छ, नेटक्या मराठीत म्हणाली, “ये ना, आत ये. किती लांबून आलीस. पाणी घेतेस का?”

एका श्वासात तिने भाषा बदलली. पाहुणी आली होती.

तेव्हापासून ती माझ्याशी तशीच बोलते. सणाला फोन येतो, मुलीची शाळा, नवऱ्याची बदली, माझी तब्येत, सगळी विचारपूस होते. बोलण्यात कुठे खोट नाही. माझ्या नावापुढचा तिचा ‘गो’ मात्र कधी गळला, ते मला सांगता येत नाही. वर्गात आज मी तोच इतिहास शिकवते. राज्यं कधी आली आणि दरबारची भाषा कधी बदलली, याच्या तारखा मुलं पाठ करतात. कुठला शब्द कुणी कुणाला शेवटचा कधी म्हटला, याची तारीख कुठल्याच पुस्तकात नसते. म्हणणाऱ्यालाही ठाऊक नसतं की हे शेवटचं. तिचं ‘ठेवते’ म्हणून झालं तरी मी फोन कानाशीच धरून राहते, तिने आणखी काही म्हणावं म्हणून.