नसरीनच्या वहीतल्या वीस खुणा

हे माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नाही. रिझनिंगचं, म्हणजे परीक्षेतल्या तर्काच्या कोड्यांचं, नाव काढलं की मला कंटाळा येतो, असं त्याला वाटतं. कंटाळा कसला — लाज वाटते.

भूकंपात माझी आई आणि दोघं भाऊ गेले. काही वर्षांनी मामानं बँकेच्या परीक्षेसाठी मला लातूरला खोली करून दिली. तेव्हा तिथं गल्लोगल्ली क्लास निघत होते. खोलीत दुसरी होती नसरीन, कंधारची. बोलकी, भांडखोर, माझ्या ताटातली भाकरी न विचारता उचलणारी. भूकंपानंतर मी पहिल्यांदा कुणावर रुसले, ती तिच्यावर. रुसायला हक्काचं माणूस लागतं — कळतंय ना तुम्हाला?

गोल बैठकीची कोडी आम्ही चपलांवर सोडवायचो. आठ माणसं गोल बसलीत, कोण कुणाच्या डावीकडे? क्लासच्या दारातल्या मुलींच्या चपला गोल मांडायच्या. चपलेचं टोक जिकडे, तिकडे माणसाचं तोंड. मुली आम्हाला शिव्या घालत चपला शोधायच्या. ‘सगळे कवी शिक्षक, काही शिक्षक गायक’ असली विधानं नसरीन माझ्याआधी उलगडायची. पण गोलातली माणसं बाहेर तोंड करून बसली, की डावं-उजवं फिरतं — तिथं ती हमखास घसरायची.

परीक्षेला पंधरवडा होता. ती म्हणाली, "ह्या टायमाला नंबर लागला न्हाई तर अब्बा लगीन लावून देणार हायेत. अन् लागला तर मी कुठंबी जाईन — पार नागपूरला बी!"

काय फुलला होता तिचा चेहरा! मला मात्र खोलीतली तिची रिकामी कॉट दिसली.

आता सांगतेच. उत्तरांचं पुस्तक माझं होतं, म्हणून वह्या मी तपासायचे. तिनं चपला न मांडता, नुसतं डोक्यात चित्र धरून, बाहेर तोंडाची वीस कोडी सोडवून आणली. चौदा चुकली होती. मी लाल पेनानं वीसही कोड्यांवर बरोबरची खूण केली. वही तिला परत दिली.

"खरंच?" तिनं विचारलं. "तू बघितलंस म्हंजे बरोबरच असंल."

मग तो भाग तिनं पुन्हा उघडलाच नाही.

ती राहिली तर पुढच्या वर्षी दोघी मिळून बसू, एवढंच माझ्या मनात होतं. लग्नाचं विसरले होते का? नाही. मग मी तरी पेपर कोरा सोडला? तोही नाही. बाहेर तोंडाचे पाच प्रश्न आले. तिचा नंबर थोडक्यात हुकला, माझा लागला. खोली सोडताना ती माझ्या गळ्यात पडून रडली — माझा नंबर लागल्याच्या आनंदानं.

गेल्या वर्षी ती आमच्या नांदेडच्या शाखेत आली, लेकीला घेऊन. लेक आता बँकेचीच परीक्षा देणार होती. नसरीन तिला म्हणाली, "ह्या मावशीनं माझ्यापायी लई मेहनत घेतली बघ. माझंच डोकं न्हाई चाललं."

किती सहज म्हणाली. इतकी वर्षं ती स्वतःला ढ समजत आली होती, आणि तेही कुरकुर न करता.

पोरीनं माझ्याकडे बघितलं. मी हसले, आणि शिपायाला तीन चहा सांगितले.