उतारावर न्यूट्रल

मागल्या रविवारी पारोळ्याजवळच्या उतारावर ब्रेक दाबला तर पाय खालीच गेला. पुढे कापसाची ट्रॉली होती. गाडी थांबली ती तिच्यापासून हातभर अंतरावर.

गाडी जुनी, बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी. बायको गेल्यापासून मी दर रविवारी जळगावहून हिच्यातूनच धुळ्याला लेकीकडे जेवायला जातो. गुडघे गेलेत, एसटीची पायरी चढवत नाही. गाडी गेली तर लेकीचं घरही गेलं.

मिस्तरीनं चाकं खोलली. म्हणाला, "आबा, ब्रेकना पंप, डिस्क, बठ्ठं बदलनं पडी. सव्वा लाख. गाडी इकी तरी इतला पैसा येवाव नही." म्हणजे दुरुस्ती गाडीच्या किमतीहून महाग. मग त्यानं विचारलं, "उतारवर न्यूट्रलमा टाकतस का?"

टाकतो म्हटलं. जीप चालवायचो तेव्हापासूनची सवय, पेट्रोल वाचतं म्हणून.

तो हसला. "हाई गाडीनं उलटं शे. गेरमा राह्यनी ते मोटरच गाडी धरी ठेवस, बॅटरी बी भरास. न्यूट्रलमा सारा भार ब्रेकवर. पंप जुना झाया, पण डिस्क तुम्हीच खाद्यात."

बायको शेजारी बसून दर उताराला ओरडायची, "गेरमा राहू द्या, माले भ्याव वाटस." मी म्हणायचो, तुला गाडीतलं काय कळतं?

मिस्तरीला सांगितलं, टाक नवं.

या रविवारी तोच उतार आला. हात आपोआप न्यूट्रलकडे गेला, तो मी मागे घेतला. धुळ्यापर्यंत स्टेअरिंग सोडलं नाही. दारात लेकीनं हात धरला आणि म्हणाली, "आबा, तळवे एवढे ओले कसे?"