पश्चिमेच्या भिंतीला सागवान

साध्या विटांच्या भिंतीबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. ती उभी असते, आपण आत असतो, विषय संपला! पण त्याच भिंतीला बाहेरून लाकडी फळ्या ठोकून घ्या, आणि तेही बीडसारख्या गावात. आठ दिवसांत तुमच्या दारात चार माणसं कायमची बसायला लागतात, आणि प्रत्येक जण जाताना एक किस्सा मागे ठेवून जातो. आमच्या भिंतीला दहा हात लांब सागवान लागलं. किस्से त्याहून लांब झाले. त्यातले थोडे सांगतो.

फळ्यांची कल्पना माझी नव्हती. आमच्या घराची पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरायची. दरवर्षी आतून पोपडे पडायचे, माझा दमा उठायचा आणि मंगल, म्हणजे माझी बायको, भिंतीशी भांडायची. एका सहलीत कारवारकडच्या एका लॉजवर तिनं अशा फळ्या लावलेल्या पाहिल्या. तिथल्या मालकाला बसवून तिनं सगळी रीत कागदावर उतरवून घेतली आणि परत आल्यावर तो कागद रशीद मिस्त्रीच्या हातात दिला. रशीद मिस्त्री दारं, खिडक्या, बाजा-खाटा करणारा माणूस. भिंतीला कपडे घालायचं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. तो म्हणाला, "भाभी, तुमची भिंत कोरडी न्हाई ठिवली तर हत्यारं इकून टाकीन."

फळ्या पाटोद्याच्या वखारीत जुन्या तुळयांतून चिरून यायच्या होत्या. त्या यायच्या आधी मंगल गेली. हृदयाचा झटका. अर्ध्या तासात सगळं संपलं.

*

टेंपो आला तो नेमका तेराव्याच्या दिवशी!

अंगणात मांडव, पंगत बसलेली, आणि दारात सागवानाच्या फळ्यांनी भरलेला टेंपो. ड्रायव्हरला काही माहीत नव्हतं. त्यानं मांडवात डोकं घालून विचारलं, "सर, लाकडं कुठं उतरवू?"

पंगतीतले हात थांबले. नेकनूरचे माझे मामा, वय ऐंशीच्या पुढं, पत्रावळीवरून मान वर करून म्हणाले, "आता आली व्हय लाकडं? तेरा दिवस झाले की रं!"

ड्रायव्हर ओशाळला.

"काय करावं काका," तो म्हणाला, "रस्ता लई खराब हाय."

*

त्याच संध्याकाळी नितीननं, माझ्या मुलानं, विषय काढला. तो पुण्याला इंजिनिअर आहे. "बाबा, या ओल्या घरात एकटे राहू नका. माझ्याकडे चला." मी नाही म्हणालो. तो पुन्हा म्हणाला, मी पुन्हा नाही म्हणालो. शेवटी त्यानं अंगणातल्या फळ्यांकडे पाहिलं.

"ठीक आहे. आईच्या मनासारखं होऊ द्या. मी दसऱ्याला येतो आणि आतून भिंतीला हात लावून बघतो. कोरडी असली तर तुम्ही इथं. ओली असली तर बॅग भरायची."

मी कबूल झालो. हे बोलणं रशीद मिस्त्रीनं मांडव सोडवता सोडवता ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो दारात हजर!

"सर, आता मामला भिंतीचा न्हाई ऱ्हायला," तो म्हणाला. "तुमाला बीडात ठिवायचा हाय."

*

मंगलच्या कागदावर पहिलीच ओळ होती: 'लाकूड पंधरा दिवस घरात ठेवणे. घराची सवय होऊ देणे.' मिस्त्रीनं सगळ्या फळ्या बैठकीत आडव्या रचल्या. खुर्च्या आणि दिवाण गेले मागच्या खोलीत.

ते दिवस भेटायला येणाऱ्यांचे. माणसं यायची, बसायला काही दिसायचं नाही, मग फळ्यांवरच बसायची. मला अवघडल्यासारखं व्हायचं. मिस्त्री मात्र खूश. "बसू द्या सर. वजनानं सरळ होतंय."

दोन दिवसांनी तर तो स्वतःच माणसं बसवायला लागला. कुठली फळी कुठं वाकलीय हे त्याला पाठ होतं. माझ्या कॉलेजचे जाडजूड उपप्राचार्य डोळे पुसत आत आले, तर यानं त्यांचा दंड धरून अलगद सांगितलं, "तुमी इकडं कोपऱ्यात, सर. मधी हलक्या माणसाला बसू द्या."

उपप्राचार्यांना वाटलं, घरची काही पद्धत असेल. ते कोपऱ्यात बसले. अर्धा तास मंगलबद्दल चांगलं बोलले. उठायला लागले तसा मिस्त्री हात जोडून म्हणाला, "अजून धा मिनिटं बोला की सर. थोडंच ऱ्हायलंय."

*

आमच्या शेजारी गयाबाई राहते. सात शेळ्या, एक काठी आणि कुणाचीच भीड नाही. काम सुरू झालं त्या दिवशी ती शेळ्या सोडून समोर येऊन बसली.

"मिस्त्री, चांगल्या भिताडाला कावून झाकताव?"

"ओल येती मावशी."

"बीडात? इथं प्यायला पानी न्हाई आन् ह्यांच्या भिताडाला ओल येती!"

मिस्त्रीनं हातोडा उचलला. त्यानं भिंतीवर उभ्या पट्ट्या ठोकल्या. कागदावर होतं, फळी आणि भिंत यांच्यात बोटभर हवा खेळती ठेवणे. मग तो शिडी चढला आणि सगळ्यात वरची फळी लावली. तिच्या खाली दुसरी, वरच्या फळीच्या कडेवर चढवलेली. मग तिसरी. सुबक दिसत होतं. मीही मान डोलावली.

गयाबाईनं तंबाखू मळत विचारलं, "मिस्त्री, कडब्याची गंज वरून रचतेत का खालून?"

मिस्त्रीचा हातोडा हवेतच थांबला. वरून येणारं पाणी प्रत्येक फळीच्या कडेवर अडून थेट आत जाणार होतं. आम्ही भिंतीला गळती लावत होतो, तीही शिडी लावून!

तो खाली उतरला आणि तळापासून पुन्हा सुरुवात केली. त्या दिवसापासून गयाबाईला तो मावशी म्हणेनासा झाला. इंजिनेरबाई म्हणायला लागला.

*

मग तेल. कागदावर लिहिलं होतं, जवसाचं तेल दोन हात देणे, फळ्यांची कापलेली टोकं सोडू नयेत, जास्तीचं तेल पुसून घेणे. मिस्त्रीनं घाण्यावरून डबा आणला. सगळ्या गल्लीत जवसाच्या चटणीचा वास सुटला. लोक विचारायला आले, आज काय विशेष?

गयाबाईनं तर कपाळावर हात मारला. "आमच्या फोडणीला थेंब न्हाई आन् तुमी भिताडाला मालिश करायलाव!"

दुपारी आम्ही चहाला आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर गयाबाईच्या सातही शेळ्या भिंतीला तोंड लावून ओळीनं उभ्या! खालच्या चार फळ्या चाटून चकचकीत केलेल्या. मी हाकलायला धावलो. मिस्त्रीनं मला अडवलं. फळीवरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं, कागद काढून पुन्हा वाचला.

"राहू द्या सर. 'जास्तीचं तेल पुसून घेणे.' असं साफ पुसायला मला दोन दिवस लागले असते."

दुसऱ्या हाताच्या वेळी तो स्वतः गयाबाईच्या दारात गेला. "इंजिनेरबाई, उद्या दोन वाजता शेळ्या पाठवा. तेल दिऊन तयार ठिवतो."

*

भिंत तयार झाली आणि पावसानं पाठ फिरवली. जून कोरडा गेला, जुलै कोरडा. कॉलेजात, बाजारात, एसटी स्टँडवर सगळे आभाळाकडं बघत होते. त्यात मिस्त्रीची काळजी वेगळीच.

"सर, पाऊसच न्हाई पडला तर भिंत कोरडीच ऱ्हाणार. मग नितीनसाहेब म्हणतील, ह्याच्यात मिस्त्रीनं काय केलं? परीक्षाच न्हाई झाली तर पास कसं व्हायचं?"

तो इतका उदास झाला, की शेवटी गयाबाईनं मनावर घेतलं. ती नारायणगडाला दर्शनाला चालली होती. परत आल्यावर मी विचारलं, पावसासाठी काही मागितलं का?

"मागितला की. सगळी दुनिया शेतासाठी मागत हुती. म्या म्हनलं, देवा, ह्यांचं तू बघून घे. मला आपल्या सराच्या भिताडापुरता दे."

चौथ्या दिवशी पावसानं सुरुवात केली ती थांबेचना. गावात पेढे वाटले गेले. गयाबाई मात्र घाबरली. "म्या भिताडापुरताच म्हनलं हुतं बगा!" ती येईल त्याला सांगत सुटली.

*

त्या पावसात मिस्त्री रोज यायचा. वर्कशॉप गावाच्या दुसऱ्या टोकाला, सायकलवर, छत्री नाही. पावसाची सर कोसळायला लागली की हा निघायचा. कारण परीक्षा पाऊस चालू असतानाच बघायची!

पहिल्या दिवशी आला, तसाच निथळत आत शिरला, आणि आतून भिंतीवर तळवा टेकवला. तळवा काढला. खाली ओला डाग!

त्याचा चेहरा उतरला. दोन पावलं सरकून त्यानं दुसरीकडं हात लावला. तिथंही डाग. मग खिडकीशी. मग कोपऱ्यात. भिंतभर पाच-पाच बोटांची ओल. तो मटकन खाली बसला.

"सर, संपलं. सगळीकडून आलीय. बॅग भरा तुमी."

खरं सांगतो, बॅग कुठं ठेवलीय तेच मी आठवायला लागलो. या घरातल्या प्रत्येक गोष्टीची जागा मंगलनं ठरवलेली. पुण्यात मला पाण्याचा पेलासुद्धा सापडला नसता.

दारातून गयाबाई सगळं बघत होती. तिनं खांद्यावरचं फडकं मिस्त्रीच्या अंगावर फेकलं.

"आधी सोताला पीळ की बे!"

हात कोरडा करून त्यानं पुन्हा तपासलं. भिंत कोरडी ठणठणीत होती. तो इतका हसला, इतका हसला, की शेवटी डोळे पुसायला पुन्हा तेच फडकं मागितलं.

*

आता दसऱ्याचा किस्सा.

पाऊस संपला होता. भिंत आतून अशी होती की कागद टेकवला असता तर कोरडा निघाला असता. नितीन दुपारी बाराच्या गाडीनं येणार होता. सकाळी आठवड्यानं नळाला पाणी आलं. मी मोटार लावली आणि दाराला झेंडूचं तोरण बांधायला घेतलं. पूर्वी तोरण मंगल बांधायची. मला गाठ जमत नव्हती. मी त्यातच गुंतलो.

वरची टाकी भरली. भरून वाहिली. तासभर वाहत राहिली. आणि टाकी नेमकी पश्चिमेच्या कडेवर असल्यानं ते पाणी गच्चीच्या पन्हाळीत न जाता बरोबर फळ्या आणि भिंत यांच्यामधल्या त्या बोटभर फटीत उतरलं. फट कागदाप्रमाणे चोख ठेवलेली होती!

मी आत आलो तेव्हा भिंतीच्या मधोमध टोपलीएवढा ओला डाग होता.

मिस्त्री सोनं द्यायला आला. त्यानं डाग पाहिला, माझ्याकडं पाहिलं, बंद करायची राहिलेली मोटार ऐकली. आधी ती बंद केली. पंखा लावला, तर वीज गेली. घड्याळात पावणेअकरा. तो तसाच अनवाणी बाहेर पळाला आणि परत आला तो कोपऱ्यावरच्या बाबूराव इस्त्रीवाल्याला घेऊन. बाबूरावाच्या हातात कोळशाची पेटलेली इस्त्री.

बाबूराव तीस वर्षं गल्लीचे कपडे करतो. त्यानं धंद्याच्या सवयीनं भिंतीला बोट लावून विचारलं, "सुती हाय का टेरिकॉट?"

"डिस्टेंपर," मिस्त्री म्हणाला.

"मग हलक्या हातानं घ्यावं लागंल."

सव्वा तास बाबूरावानं भिंतीला इस्त्री केली. मिस्त्री कोळशाला वारा घालत होता. गयाबाई उंबऱ्यात बसून रस्त्यावर नजर ठेवून होती. डाग ताटाएवढा झाला, मग वाटीएवढा, मग दिसेनासा झाला. बाबूराव शेवटचा हात फिरवत होता, आणि गयाबाई ओरडली, "आला!"

बाबूराव दचकला. इस्त्री होती तिथंच थांबली. एक क्षण जास्त.

नितीन आत आला तेव्हा आम्ही चौघं भिंतीसमोर ओळीनं उभे होतो. बाबूरावाचे दोन्ही हात पाठीमागं होते आणि त्याच्या पाठीमागून धूर येत होता. नितीन माझ्या पाया पडला, बॅग खाली ठेवली आणि सरळ जाऊन भिंतीवर तळवा टेकवला.

बराच वेळ त्यानं हात काढला नाही.

"बाबा, भिंत गरम आहे."

"सागवान हाय साहेब," मिस्त्री म्हणाला. "ऊब धरतंय."

"उन्हाळा लई कडक गेला यंदा," गयाबाई म्हणाली.

नितीननं हात बाजूला घेतला. त्याच्या छातीच्या उंचीवर, पांढऱ्या भिंतीवर, इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग होता. टोक वरच्या बाजूला. त्यानं तो डाग नीट पाहिला. मग आम्हा चौघांकडं एकेक करून पाहिलं. माझ्याकडं सगळ्यात शेवटी.

"मिस्त्री, खिळा आहे का एखादा?" तो म्हणाला. "आईचा फोटो या भिंतीवर लावू."

मिस्त्रीनं खिशातून खिळा काढला, हातोडा उचलला.

"कुठं ठोकू साहेब?"

नितीननं त्या तपकिरी डागाच्या बरोबर टोकावर बोट ठेवलं.

"इथं."