तीनदा धुतलेली बाटली

आमच्या प्रयोगशाळेत पूर्वी बाटल्या धुणारा तो माणूस आता यंत्र चालवतो. तरी चहाचा कपसुद्धा तो तीनदा धुतो आणि उजेडात धरून बघतो. ही सवय म्हणजे माझीच करणी.

कोल्हापुरात आमचं घरचं गुऱ्हाळ, म्हणून साखरेतलं मला सगळं कळतं, असा तरुणपणी माझा तोरा. चार वर्षं राबून मी पाच साखरांची एक साखळी जोडली. ती ज्या प्रथिनाला चिकटायला हवी, त्याला काही चिकटेना. तेव्हा मी सगळ्यांदेखत या बाटल्या धुणाऱ्याला म्हणाले, "तुझ्या घाणेरड्या बाटलीनं माझं काम नासलं." नातवंडांना ही गोष्ट मी अजून रंगवून सांगते.

निवृत्तीनंतर परवा प्रयोगशाळेत गेले. यंत्र एन्झाइम वापरून एकेक साखर आपलं आपण जोडत होतं.

"काल सकाळी लावलं, आज तुमची साखळी तयार. चिकटती बी," तो म्हणाला. मी हबकले. मग त्यानं फ्रीजरमधून माझ्या त्या साखळीची जुनी कुपी काढली. "तुमी टाकून दे म्हणलासा, म्या ठिवली. आता तपासून घेतली. तिसरी साखर तुमी उलटी जोडलीया, म्याडम. बाटलीचा दोष न्हाय."

त्यानं कप तीनदा धुतला, उजेडात धरला, चहा ओतायच्या आधी माझ्यापुढे केला.

"बघून घ्या. सोच्छ हाय न्हवं?"

मी चष्मा लावून नीट बघितला. ती बाटली मी एकदाही अशी बघितली नव्हती.