ओतीव खांब

भोसरीत फाउंड्रीजवळून जाताना तापलेल्या वाळूचा वास आला की मला बुडापेस्टमधलं एक जुनं सिनेगॉग आठवतं. चाकणच्या कंपनीनं मला वर्षभरासाठी तिकडे पाठवलं होतं, तेव्हा मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हौसेनं पंधरा दिवस बोलावून घेतलं. पण उंच मनोऱ्यांची, रंगीत काचांची चर्चेस दाखवली तरी ते नुसतं "छान हाय" म्हणायचे आणि बाकावर बसून घरी कधी जायचं ते विचारायचे. मी मनातून खट्टू झाले होते. मग एका सकाळी आम्ही ज्यू लोकांच्या त्या प्रार्थनामंदिरात गेलो. तिथं पुरुषांना डोकं झाकावं लागतं; अण्णांची पांढरी टोपी होतीच. आत सोनेरी नक्षीचं छत होतं आणि बायकांचा सज्जा पेलणारे सडपातळ, रंगवलेले खांब. जन्मभर भोसरीच्या फाउंड्रीत लोखंड ओतायचे वाळूचे साचे भरलेल्या अण्णांनी एका खांबावर टिचकी मारली. तिथला म्हातारा राखणदार लगबगीनं आमच्याकडे आला. "अण्णा, हात नका लावू," मी कुजबुजले. "आगं, ह्यो दगूड न्हाई, वतीव लोखंड हाय! ही साच्याच्या जोडाची रेघ बघ." मी घाबरत ते राखणदाराला इंग्रजीत सांगितलं. म्हातारा खुलला आणि अण्णांचा हात धरून त्यांना एकेका खांबापाशी घेऊन गेला. परतीच्या ट्राममध्ये मी विचारलं, "अण्णा, साचा भरतात तरी कसा?" आमचा थांबा मागे गेला तरी ते सांगतच राहिले. एवढं विचारायला मला इतक्या लांब जावं लागलं, याची आता लाज वाटते आणि हसूही येतं.