खोकला थांबला तेव्हा

रायपूर नुकतेच छत्तीसगडची राजधानी झाले होते. मी वर्तमानपत्रात होतो, घर तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीत. माझा मोठा भाऊ जन्मापासून अंथरुणावर. बसणे नाही, बोलणे नाही, समज तान्ह्या बाळाइतकी, वय चाळिशीजवळ. आई त्याचे डोके मांडीवर घेऊन पातळ वरणभात भरवी, प्रत्येक घासामागे चमचाभर पाणी. त्याच्या आधी घरात कोणी जेवत नसे.

जेवताना त्याला कायम ठसका लागे. एका उन्हाळ्यात तो बंद झाला. आईने देवापुढे साखर ठेवली.

"आता बराबर गिळून राहिला," ती मावशीला म्हणाली.

"मंग आता तूही टाइमावर जेव. नाही तं तुलेच भरवा लागन," मावशी म्हणाली.

महिन्याभरात भावाला ताप चढला, श्वास घरघरू लागला. समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला.

"खाँसी बंद हुई, वही तो खराब है, माताजी. गला पहरा देना भूल गया. खाना-पानी सीधा फेफड़े में जा रहा है."

अन्न फुप्फुसात उतरते, म्हणून यापुढे तोंडाने काही द्यायचे नाही. पोटात नळी बसवावी लागेल, असे ते म्हणाले. नळीनेही धोका संपत नाही, लाळ आत जातच राहते, हेही त्यांनी सांगितले.

"मंग नळी काहून?" आईने विचारले.

"कम जाएगा."

नळी बसली. आई वरण गाळून तिच्यातून सोडू लागली. भाऊ मात्र ताटाचा आवाज आला की तोंड उघडी आणि उघडेच ठेवी.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. देवींना नैवेद्य दाखवून झाल्यावर पहिला घास भावाला, ही घरातली जुनी रीत. आईने त्याच्या जिभेवर चमचाभर आंबील ठेवली. तो हसला. ठसका लागला नाही. त्याच आठवड्यात पुन्हा ताप चढला आणि त्याला दवाखान्यात भरती केले.

"मुँह से कुछ दिया था?" डॉक्टरांनी विचारले.

"देवीचा प्रसाद. एक चम्मच."

"त्यानंच झालं काय?" आईने विचारले. आंबिलीने झाले की लाळेने, हे सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. आईने तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर तेच आले.

तो घरी आला, पण छाती पूर्वीसारखी झाली नाही. त्यानंतर आईने त्याच्या तोंडात काही घातले नाही. वास जाऊ नये म्हणून ती स्वयंपाकघराचे दार लावून जेवू लागली. तो बंद दाराकडे तोंड उघडून पडलेला असे. हिवाळ्यात पुन्हा न्यूमोनिया झाला आणि तो गेला.