काचेवरचं कुंकू

फटाक्याच्या दारूचा वास आला की आमचं ब्राह्मणपुरीचं शेत आठवतं. मी नवी सून होते. यांनी आणि दिरांनी पत्र्याची दोन रॉकेटं करून त्यांत टिकटिक पाठवणारी यंत्रं बसवली होती. मागच्या वेळी दोन्ही आवाज रेडिओवर एकाच जागी मिसळले आणि रॉकेटं कपाशीत हरवली, म्हणून या वेळी दोघांनी रेडिओच्या काट्याच्या जागा वाटून घेतल्या, एक यांची, एक दिरांची, आणि रेडिओ माझ्याकडे दिला. रॉकेटं उडाली, पण एकच टिकटिक लागली. “वहिनी, लवकर सांग, कोना आवाज शे?” दीर म्हणाले. शेजारीच सासरे उभे होते; त्यांच्यासमोर मी तोंड उघडत नसे, नवऱ्याचं नाव तर दूरच. आवाज बारीक होत चालला. मी कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन रेडिओच्या काचेवर काट्यापाशी टेकवलं. सासरे हसले, “मन्हा मोठा पोऱ्याना शे. पया.” दोघे यांचं रॉकेट पडलं त्या दिशेनं पळाले आणि ते सापडलं. परवा नातीनं आजोबांचं नाव विचारलं म्हणून मी यांचं नाव घेतलं, तर हे आतून “ओ” म्हणाले.